यकृताचा कर्करोग आणि प्रोबायोटिक्स : सुरू करण्यापूर्वी काय तपासावे

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेवाटे येते. आतड्याचे अस्तर कमकुवत झाले की जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटक याच वाटेने यकृतात शिरतात आणि तेथील दाह धुमसत ठेवतात. प्रोबायोटिक्सचा, म्हणजे आतड्यांच्या फायद्यासाठी घेतल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंचा वा यीस्टचा, विचार होतो तो यामुळेच. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका प्रयोगात प्रोबायोटिक्सच्या मिश्रणाने यकृताच्या कर्करोगाच्या गाठीची वाढ मंदावली; माणसात मात्र हे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे शस्त्रक्रिया, एम्बोलायझेशन (गाठीचा रक्तपुरवठा बंद करणे) किंवा औषधोपचार यांना पर्याय म्हणून प्रोबायोटिक्स घेऊ नयेत.

ती नेमकी कशासाठी हवी आहेत, हे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब हे एक कारण असू शकते. सिऱ्होसिसमध्ये (यकृत व्रणांनी कडक होण्याच्या आजारात) रक्तातील अमोनिया वाढून रुग्ण गोंधळू लागतो, त्या अवस्थेतही प्रोबायोटिक्सचा अभ्यास झाला आहे. पण तेथे मुख्य औषध लॅक्ट्युलोजच असते आणि ते बंद करू नये. ‘पोट चांगले राहते’ एवढे मोघम कारण मला पुरेसे वाटत नाही.

वेष्टनावर केवळ ‘लॅक्टोबॅसिलस’ असे लिहिलेले पुरत नाही. प्रजातीपुढे उपप्रकाराची अक्षरे वा क्रमांक हवा, कारण एका उपप्रकाराचा गुण दुसऱ्यात असेलच असे नाही. जिवंत जंतूंची संख्या उत्पादनाच्या दिवशीची आहे की मुदत संपेपर्यंतची, हेही पाहावे. प्रतिजैविक चालू असल्यास प्रोबायोटिक जिवाणूंची मात्रा प्रतिजैविकाच्या मात्रेपासून साधारण दोन तासांचे अंतर ठेवून देतात. सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट असल्याने त्याला प्रतिजैविकाची बाधा होत नाही, बुरशीविरोधी औषधाची मात्र होते.

खरा धोका प्रतिकारशक्ती खालावल्यावर असतो. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना, किंवा यकृत प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना, हेच जंतू क्वचित रक्तात शिरून गंभीर संसर्ग करतात. मध्यवर्ती शिरेत (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत) औषधासाठी नळी असलेल्या रुग्णाला सॅकरोमायसिस देऊ नये. इतकेच नव्हे, शेजारच्या खाटेवरील रुग्णासाठीही त्याची कॅप्सूल त्या खोलीत उघडू नये, कारण हवेतून वा हातांवरून यीस्ट नळीपर्यंत पोहोचू शकते.

इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारा उपचार) चालू असलेल्यांनी तर स्वतःच्या मनाने काहीच सुरू करू नये. २०२१ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरील एका अभ्यासात, उंदरांना बाजारातील प्रोबायोटिक्स दिल्यावर या उपचाराचा प्रतिसाद घटलेला दिसला.

घेणे सुरू केल्यावर ताप, थंडी वाजणे, पोट फुगत जाणे किंवा नवा गोंधळलेपणा दिसल्यास मात्रा थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि वेष्टन सोबत न्यावे, म्हणजे रक्ताच्या तपासणीत कोणता जंतू शोधायचा हे प्रयोगशाळेला कळेल.