वर्गमित्राच्या निबंधावर शेरा कसा लिहावा

वह्या बदलून निबंध तपासा म्हटलं, की नववी-दहावीची मुलं पहिल्या ओळीपासून वेलांट्या शोधू लागतात. मोठ्यांना त्यांनी तेच करताना पाहिलेलं असतं. वेलांट्या दुरुस्त होतात, निबंध होता तिथेच राहतो. म्हणून लाल पेन दप्तरातच राहू द्या. शिसपेन्सिल पुरे.

दोन पानांच्या निबंधाला एक तास होतो. आधी पेन्सिल खाली ठेवून सगळा निबंध एका दमात वाचायचा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाशेजारी, समासात, त्यात काय सांगितलंय ते चार-पाच शब्दांत लिहायचं. मुलं हीच पायरी गाळतात आणि तीच सगळ्यांत कामाची. समासात ‘पूर आला’, ‘मदत मिळाली’, ‘पुन्हा पूर’, ‘पुन्हा मदत’ असं उतरलं, की गाडी कुठे फिरून फिरून तिथेच येतेय ते लिहिणाऱ्याला आपसूक दिसतं. काहीच लिहिता येईना, तर त्या परिच्छेदात मुद्दाच नाही.

मग शेरा. तीन वाक्यं बास: कोणती ओळ लक्षात राहिली आणि का, वाचताना कुठे अडलो, आणि एक प्रश्न. तिन्ही ठिकाणी नेमकी ओळ दाखवायची.

समजा, पंचगंगेच्या महापुरावरच्या निबंधात ‘पाणी खूप वाढले, लोक घाबरले’ असं आहे. ‘वर्णन वाढव’ असा शेरा दिला, तर पोरगं ‘रौद्र’ आणि ‘भीषण’ घालून वही परत आणेल. त्यापेक्षा असं लिहावं: ‘खूप म्हणजे किती? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. तुमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा पातळी किती होती? घरातून आधी काय उचललंत?’ याला विशेषणाने उत्तर देता येत नाही.

शाहू महाराजांवरच्या निबंधात सालांची गल्लत हमखास होते. १९०२ चा हुकूम नोकऱ्यांतल्या ५० टक्के राखीव जागांचा. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १९१७ चं. शंका आली, की सालाभोवती गोल करून ‘तपास’ एवढंच लिहायचं. उत्तर आयतं दिलं, की शोधणं संपलं. वाक्य आपल्या शब्दांत लिहून देणंही त्यामुळेच नको, ते कितीही झकास सुचलं तरी.

आजीच्या तोंडी ‘पाणी चढालंय, आवरा लवकर’ असेल, तर ते खोडून ‘चढत आहे’ करू नका. ती आजी तशीच बोलते. निवेदनात मध्येच बोली आली असेल, तर ‘मुद्दाम लिहिलंयस का?’ असं विचारावं.

शुद्धलेखन शेवटच्या पाच मिनिटांत, तेही वारंवार होणारी एकच चूक. ‘आजि’, ‘माति’ सगळीकडे दिसलं, तर ‘शेवटी दुसरी वेलांटी’ एवढं एकदाच लिहायचं. (‘आणि’ सोडून. तो नियमाला जुमानत नाही.)

जोड्या लावताना एका बाकावरचे दोघे एकत्र नकोत. दोस्तीत ‘लई भारी’च्या पलीकडे शेरा जात नाही, आणि भांडण झालेलं असेल तर निबंधावर सूड निघतो. सुंदर अक्षरालाही भुलायला होतं. अशा वेळी लेखकाने निबंध मोठ्यानं वाचावा, दुसऱ्याने नुसता ऐकावा.

वही परत मिळाल्यावर लेखकाने एकच परिच्छेद नव्याने लिहायचा. कोणता, ते त्यानेच ठरवायचं. एखादा शेरा पटला नाही, तर शेजारी कारण लिहून सोडून द्यायची मुभा आहे. मुलांनी निबंधाला गुण देऊ नयेत. शिक्षकांना द्यायचेच असतील, तर शेऱ्याला द्यावेत.