स्वनिधीच्या अर्जात आधारचा ओटीपी येत नव्हता: माझा अनुभव

इंदूरला राजवाड्याजवळ आमच्या मावशीची साबुदाणा खिचडीची गाडी आहे. पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेतल्या पहिल्या कर्जासाठी (आता १५,००० रुपये, पूर्वी १०,०००) अर्ज भरताना मोबाइलचा ओटीपी यायचा, पोर्टल उघडायचं. पण पुढे आधारचा ओटीपी काही केल्या येईना.

फोन बदलला, सिम काढून घातलं, रात्री दोनलाही बघितलं. एका एजंटाने ‘करून देतो’ म्हणून पाचशे मागितले. तीन आठवडे गेले, डोकं फिरायची वेळ आली.

चूक पोर्टलची नव्हतीच. आधारला काकांचा बंद पडलेला नंबर जोडलेला होता.

आधी आधारच्या वेबसाइटवर ‘मोबाइल पडताळा’मध्ये मावशीचा चालू नंबर टाकला; नोंदीशी जुळत नाही, असं उत्तर आलं. मग आधार सेवा केंद्रात गेलो. मावशीला स्वतः सोबत नेलं. सोबत फक्त आधार कार्ड, नंबर बदलायला दुसरा कागद लागत नाही. तवा-झारा धरून बोटं इतकी झिजलेली की ठसे उमटेनात, शेवटी डोळ्यांच्या स्कॅनवर काम झालं. फी ७५ रुपये. पावतीवरचा यूआरएन (बदलाच्या विनंतीचा क्रमांक) जपून ठेवा, स्थिती त्यावरच कळते.

नंबर जुळल्याचं वेबसाइटवर दिसल्यावरच पुन्हा अर्ज उघडला. ओटीपी लगेच आला. मावशीचं नाव पालिकेच्या फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणात नव्हतं, म्हणून त्याच पोर्टलवरून आधी पालिकेचं शिफारसपत्र मागवलं आणि ते मिळाल्यावर कर्जाचा अर्ज भरला.