रेप्लिकेशनच्या वेट इव्हेंटची वर्गवारी कशी लावायची

आमच्या पतसंस्थेचा मुख्य सर्व्हर बेळगावात, स्टँडबाय निपाणीच्या शाखेत. दोन्हीकडं पोस्टग्रेस हा डेटाबेस; मुख्य सर्व्हरवरचा प्रत्येक बदल स्टँडबायवरच्या प्रतीत उतरत राहतो, तेच रेप्लिकेशन. गाळप हंगामात ऊसबिलं खात्यावर जमा व्हायला लागली की काउंटरवर रांग लागते, आणि रेप्लिकेशन कुठं तुंबलं तर ते तेव्हाच कळतं. म्हणून वेट इव्हेंटची, म्हणजे प्रोसेस कशासाठी थांबलीय ते सांगणाऱ्या नावांची, वर्गवारी आधीच करून ठेवा.

मॉनिटरिंगच्या युजरला पीजी_मॉनिटर हा रोल द्या. तो नसला तर दुसऱ्याच्या सेशनचे वेट इव्हेंट कोरे दिसतात. मग पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या चालू सेशनच्या व्ह्यूमधून बॅकएंड_टाइप, वेट_इव्हेंट_टाइप आणि वेट_इव्हेंट हे तीन रकाने दर सेकंदाला टिपत राहा. एकदा बघून काही कळत नाही, कारण दिसतं ते फक्त त्या क्षणाचं. सतराव्या आवृत्तीपासून पीजी_वेट_इव्हेंट्स या व्ह्यूमध्ये प्रत्येक नावाचं वर्णनही मिळतं.

टाइपवरून पहिली चाळणी होते. ॲक्टिव्हिटी म्हणजे प्रोसेस आपल्या मुख्य लूपमध्ये काम यायची वाट बघत बसलेली; त्यावर अलर्ट लावू नका. टाइमआउटमधला रिकव्हरीअप्लायडिले आपणच मुद्दाम ठेवलेला उशीर असतो, तोही सोडा. आयओ (डिस्कच्या वाचन-लेखनाची वाट), आयपीसी (दुसऱ्या प्रोसेसची वाट), लॉक (दुसऱ्यानं धरलेलं लॉक सुटायची वाट) यांच्याकडं मात्र नीट बघायचं.

पण नुसत्या टाइपवर विसंबू नका. वॉल म्हणजे बदलांची नोंदवही; ती स्टँडबायला पाठवणाऱ्या सेंडर प्रोसेसचा वॉलसेंडरमेन ॲक्टिव्हिटीत मोडतो, म्हणून सगळं आलबेल वाटतं. फिजिकल रेप्लिकेशनमध्ये (वॉल जसंच्या तसं पाठवताना) स्टँडबायकडची नेटवर्क लाइन मंद पडून पाठवायचा डेटा सॉकेटमध्ये अडकला तरी हेच नाव दिसतं. त्यामुळं शेजारी पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन हा व्ह्यू ठेवाच; स्टँडबाय कुठवर पोचलाय ते त्यात एलएसएननं, म्हणजे वॉलमधल्या जागेच्या आकड्यानं, दिसतं. चालू एलएसएन आणि सेंट_एलएसएन यांतलं अंतर वाढत असेल तर सेंडर किंवा लाइन बघा. सेंट (पाठवलेलं) पुढं आणि फ्लश (स्टँडबायच्या डिस्कवर लिहिलेलं) मागं असेल तर लाइन आणि स्टँडबायचं वॉल लिहिणं, दोन्ही तपासा. फ्लश झालंय पण रिप्ले (डेटात उतरवलेलं) मागं, तर ते उतरवणाऱ्या स्टँडबायच्या स्टार्टअप प्रोसेसकडं जा.

तिथं रिकव्हरीवॉलस्ट्रीम दिसला तर ती नवं वॉल यायची वाट बघतेय, अडचण वरच्या बाजूला. डेटाफाइलरीड सारखा येत असेल तर डिस्क पुरी पडत नाही. रिकव्हरीकॉन्फ्लिक्टस्नॅपशॉट म्हणजे स्टँडबायवर कुणाचा तरी मोठा रिपोर्ट चालू आहे आणि त्याच्यासाठी रिप्ले थांबलाय. मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले (अशा रिपोर्टसाठी थांबायची मर्यादा) मूळचा 30 सेकंद असतो, तो कुणी वाढवलाय का बघा. रिकव्हरीपॉज दिसला तर कुणीतरी रिप्ले थांबवून ठेवलाय.

सगळ्यात फसवा म्हणजे सिंकरेप. सिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये कमिट, म्हणजे व्यवहार पक्का, करणारं सेशन स्टँडबायच्या होकारासाठी थांबतं, आणि तोवर आपली लॉक सोडत नाही. मागच्या हंगामात काउंटरवरनं फोन आला, पासबुकाची एंट्री होईना. आमचा नवा मुलगा स्क्रीनकडं बघत म्हणाला, "सर, सगळीकडं लॉकच लॉक. सेशन मारू काय?"

"थांब. पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज चालव आधी."

हे फंक्शन कोण अडवतंय ते सांगतं. लॉकमध्ये अडकलेली सगळी सेशन एकाच पीआयडीकडं, म्हणजे प्रोसेसच्या नंबराकडं, बोट दाखवत होती: ऊसबिलाचं पोस्टिंग. आणि ते बसलं होतं आयपीसी, सिंकरेपवर. मूळ दुखणं निपाणीच्या लाइनीत, बोंब मात्र बेळगावच्या काउंटरवर. म्हणून लॉकचा अलर्ट लावताना मुळाशी कुठलं सेशन आहे आणि त्याचा वेट इव्हेंट कुठला, हे त्याच ओळीत छापा. रात्री फोन आलेल्या माणसाला त्या एका ओळीवर दिशा सापडते.

सिंकरेपवर थांबलेलं सेशन मारलं तर व्यवहार रद्द होत नाही. तो मुख्य सर्व्हरवर कमिट झालेलाच असतो, फक्त स्टँडबायवर पोचल्याची खात्री राहत नाही. रद्द झाला समजून काउंटरवाल्यानं तीच एंट्री परत मारली, तर शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम दोनदा चढेल. आमच्या वर्गवारीत म्हणूनच सिंकरेपला वेगळा रकाना आहे आणि त्यापुढं ठळक अक्षरात सूचना: सेशन मारू नका, आधी लाइन आणि स्टँडबाय तपासा, स्टँडबाय लवकर येणार नसेल तर सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स (कुणाच्या होकारासाठी थांबायचं ती यादी) मोकळं करून कॉन्फिग रीलोड करा. रीलोड झालं की अडकलेले कमिट आपोआप सुटतात.