तुरीचं कुटार आणि कानातला दडा

पौषात तीन दिवस थ्रेशरवर तूर काढली, कुटार म्हणजे तुरीचा भुसा उडतच होता. चौथ्या दिवशी डोक्यावरून आंघोळ केली आणि उजव्या कानात दडाच बसला. माय अंगणातून हाक मारे, ती विहिरीतून आल्यासारखी वाटे. सवयीने आगकाडी घातली, तर होतं तेही ऐकू येईना.

तालुक्याच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं. "तुम्ही मळ काढत नाही भाऊ, आत ठासता." मळ कानाच्या तोंडाशीच तयार होतो, बोलता-चावताना आपोआप बाहेर सरकतो. ठासून बसलेल्या मळाला पाणी लागलं की तो फुगतो.

सोडियम बायकार्बोनेटचे थेंब दिले. शिशी आधी मुठीत धरून कोमट करायची, कारण गार थेंबांनी भोवळ येते. कुशीवर झोपायचं, कानाची पाळी वर-मागे ओढून चार थेंब सोडायचे, पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. दिवसातून दोनदा, पाच दिवस. पहिले दोन दिवस कान आणखीच बंद झाला. घाबरलो, पण मळ भिजताना असं होतंच. सहाव्या दिवशी दवाखान्यात कोमट पाण्याची पिचकारी मारली आणि तुरीच्या दाण्याएवढा काळा गोळा ट्रेमध्ये पडला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकली!

आता मळणीच्या दिवसांत कानाला रुमाल बांधतो आणि डॉक्टरांना विचारूनच आठवड्यातून एकदा दोन थेंब ऑलिव्ह तेल टाकतो. लसणाचं कढत तेल मात्र कोणी टाकू नका, कान भाजतो. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, तर कुठलेच थेंब मनाने टाकायचे नाहीत, आधी दवाखाना.