अ की ॲन? पोरांना एसटीत बसवून शिकवा

मराठी माध्यमाच्या पाचवी-सहावीला इंग्रजीतलं आर्टिकल, म्हणजे नामाच्या आधी येणारं अ (a) किंवा ॲन (an), शिकवायचं म्हटलं की आपण सगळे काय करतो, फळ्यावर ए, ई, आय, ओ, यू लिहितो आणि सांगतो यांच्या आधी ॲन. पोरं पाठ करतात आणि लगेच ॲन युनिफॉर्म, अ अवर लिहून मोकळी होतात. यात त्यांची काय चूक, स्पेलिंग बघा असं आपणच सांगितलं ना, आणि इथे तर सगळा मामला आवाजाचा.

म्हणून नियम आधी सांगूच नका. पोरांना म्हणा, इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा. स्वर-व्यंजन त्यांना येतंच, आणि 2009 च्या शासन निर्णयाने ॲ, ऑ पण स्वरांत घेतलेत, ते इथे बरोब्बर कामाला येतात. अंब्रेला अ-ने सुरू, स्वर, म्हणजे ॲन. युनिफॉर्म य-ने, व्यंजन, म्हणजे अ. वन-रुपी कॉइन व-ने. अवर आणि ऑनेस्टमधला एच देवनागरीत दिसतच नाही, प्रश्नच मिटला! एमएलए लिहिलं की पहिला ए, म्हणून ॲन एमएलए.

आता खेळ. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तीसेक शब्द इंग्रजीत लिहून चिठ्ठ्या करा, बाकांच्या दोन ओळी म्हणजे दोन गाड्या, एक अ गाडी, एक ॲन गाडी. वर्गातला सगळ्यात वांड पोरगा कंडक्टर (तो आपोआप शांत बसतो, अनुभव आहे). प्रवाशाने शब्द मोठ्याने म्हणायचा, पहिला आवाज हवेत बोटाने देवनागरीत काढायचा आणि मग गाडीत चढायचं. चुकला तर उतर खाली, बरोबर असेल तर डबल बेल.

गाड्या भरल्या की खरी गंमत करा. ॲन गाडीतून एग घेतलेल्या पोरीला उभं करा आणि तिच्या पुढे बॉइल्डची चिठ्ठी घेतलेला पोरगा उभा करा. आता कुठली गाडी? अर्धा वर्ग ॲन ओरडतो, मग कोणीतरी हळूच म्हणतं, सर पुढं ब आहे. गेली ना एग गाडी बदलून! आर्टिकल शेजारचा शब्द बघतं हे मला कधी तोंडाने सांगावं लागलेलं नाही.

एक खड्डा मात्र आहे, मी स्वतः त्यात पडलोय. एसटी बसची चिठ्ठी आली आणि एका पोराने ऐटीत य काढला, घरी सगळे येष्टी म्हणतात ना! त्याच्या हिशोबाने अ गाडी एकदम बरोबर. तेव्हा हसू नका, आधी सगळ्यांकडून एस, एस, एस असं चार वेळा म्हणवून घ्या, एक्स-रे आणि एगचंही तेच करा, आणि मगच चिठ्ठ्या वाटा.