शाळा सोडण्याआधी: गोव्यात मुलाला घरी शिकवू पाहणाऱ्या पालकांसाठी

मुलाला शाळेत न पाठवता घरीच शिकवावे असे ज्यांच्या मनात येते, ते पालक बहुधा पहिला प्रश्न कायद्याचा विचारतात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे त्याचे दहावे कलम सांगते, मात्र ते न पाळणाऱ्या पालकांसाठी या अधिनियमात शिक्षा नाही. पुढे दिल्ली उच्च न्यायालयात हा विषय आला, तेव्हा स्वेच्छेने पर्यायी शिक्षण निवडणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका केंद्र सरकारने २०१२ साली प्रतिज्ञापत्राद्वारे मांडली. त्यामुळे गृहशिक्षण हा गुन्हा नाही. परंतु त्यासाठी कोठे नोंदणीही होत नाही, म्हणजेच सरकारी कागदोपत्री आपले मूल कुठल्याच पटावर नसते. गृहशिक्षणातील बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून उगवतात, आणि म्हणूनच शाळेत परतण्याची वाट आधी बांधून मगच शाळा सोडावी, असे माझे ठाम मत आहे.

मूळ कारण काय आहे, हेही घरात बसून प्रामाणिकपणे तपासावे. एखाद्या शिक्षकाशी पटत नाही, वर्गात कोणी त्रास देतो किंवा शाळा लांब पडते, अशी कारणे असतील तर आधी दुसरी शाळा पाहावी. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक गावांत चालत जाण्याच्या अंतरावर असते. मुलाला गंभीर किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल, तर गोष्ट वेगळी आहे. अशा मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यातच दिलेला आहे, त्यामुळे त्यांच्या पालकांनी शाळेतून नाव न काढता भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात तशी लेखी मागणी करावी. जाता जाता एक सांगितले पाहिजे. ज्या वाड्यावरच्या मराठी शाळेत मोजकीच मुले उरली आहेत, तेथून आपले मूल काढून घेण्याचा परिणाम केवळ आपल्या घरापुरता राहत नाही. निर्णय बदला असे मी म्हणत नाही, पण तो घेताना हे ठाऊक असावे.

परतीच्या वाटेचा पहिला भाग म्हणजे कागद. मूल शाळेत असेल तर शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तके आणि जनरल रजिस्टरमधील नोंदीचा उतारा मुख्याध्यापकांकडून रीतसर घ्यावा, आणि त्यावरील नाव, आडनाव व जन्मतारीख जन्मदाखल्याशी आणि आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहावी. गोव्यात हे जुळवणे नाजूक असते. जन्मनोंदणीत एक स्पेलिंग, आधारावर दुसरे आणि आजोबांच्या जुन्या पोर्तुगीजकालीन कागदांवर तिसरेच, असे प्रकार घरोघरी आढळतात. शाळेत जाणाऱ्या मुलाची ही चूक कारकून कधीतरी दाखवून देतो, घरी शिकणाऱ्या मुलाची मात्र ती थेट दहावीच्या अर्जावेळी उघडकीस येते. शिवाय रहिवासाचा किंवा जातीचा दाखला काढताना मामलेदार कार्यालयात शाळेचे कागद अनेकदा विचारले जातात. तेव्हा जे आहेत ते जपून ठेवावेत, आणि शाळेची वर्षे रिकामी दिसतील तेथे रहिवास दाखवणारे दुसरे पुरावे, म्हणजे लसीकरणाचे कार्ड, दवाखान्याचे कागद, बालभवनाच्या, म्हणजे मुलांना कला व छंद शिकवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पावत्या, वर्षावर्षाने लावून ठेवावेत.

दुसरा भाग वेळेचा आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच्या वयाला शोभेल अशा वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे, असे कलम ४ सांगते, त्यामुळे कायद्याने परतीचे दार मधल्या कोणत्याही वर्षी उघडे असते. व्यवहारात मात्र गोव्यात सर्वांत सोपी पायरी पाचवीची आहे. आपल्याकडील बहुतेक प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असतात आणि पाचवीला सगळीच मुले नव्या इमारतीत, नव्या शिक्षकांसमोर बसतात, त्यामुळे घरून आलेले मूल वेगळे उठून दिसत नाही. त्याच टप्प्यावर मराठी माध्यमातून आलेल्या बहुतेक मुलांचे माध्यम इंग्रजी होते. म्हणून घरी मराठीतून शिकवत असाल, आणि तसेच शिकवावे, तरी तिसरी-चौथीच्या वयात गणिताच्या व परिसर अभ्यासाच्या संज्ञा इंग्रजीतूनही ओळखीच्या करून द्याव्यात. बोलण्याची कोकणी, वाचनाची मराठी आणि पुढची इंग्रजी ही तिहेरी सवय गोमंतकीय मुलाला जड जात नाही. जड जाते ते एकाएकी झालेले स्थित्यंतर.

पुस्तकांसाठी फार खर्च करण्याची गरज नाही. बालभारतीची मराठी पुस्तके आणि एनसीईआरटीची पुस्तके संकेतस्थळांवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. ती कणा म्हणून वापरावीत, आणि उरलेला अभ्यास परिसरातून उभा करावा. त्यासाठी दिवाडी, चोडण किंवा जुवे बेटावरची मानस घ्या. खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या, शेताच्या बांधातील या दरवाजाला भरतीचे पाणी बाहेरून रेटते तेव्हा त्याच्या लाकडी फळ्या मिटतात, ओहोटीला आतले पाणी रेटते तेव्हा त्या आपोआप उघडतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने आठवडाभर भरतीची वेळ वहीत टिपली, तर ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे त्याच्याच ध्यानात येते, आणि मग वेळेची वजाबाकी, चंद्राच्या कला, खाऱ्या पाण्यात तगणारा कोरगूट भात आणि मानशीच्या मासळीचा लिलाव हे चार विषय एकाच पानावर येतात. अशा प्रत्येक पानावर तारीख घालावी, मुलाच्याच अक्षरात दोन-चार वाक्ये लिहून घ्यावीत आणि त्याने केलेली चूक न खोडता शेजारी दुरुस्ती लिहावी. पुढे एखाद्या मुख्याध्यापकाने वर्ग ठरवण्यासाठी पुरावा मागितला, तर स्वच्छ छापील प्रगतिपत्रकापेक्षा अशी वही जास्त बोलते. पणजीला मिरामारचे विज्ञान केंद्र आणि पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, तसेच सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठावरची उसगाळीमळची प्रस्तरचित्रे ही ठिकाणे वर्षाच्या आराखड्यात ठेवावीतच.

अभ्यास सकाळी घ्यावा. गोव्यातील बहुतेक शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटतात, म्हणजे वाड्यावरची मुले दुपारनंतर मोकळी असतात, आणि आपले मूलही तेव्हाच मोकळे असले पाहिजे. सोबत आपोआप मिळत नाही. ती ठरवून जुळवावी लागते. पणजीत कांपाल येथील बालभवन आणि त्याची ठिकठिकाणची केंद्रे, भजनाचा वर्ग, फुटबॉलचे मैदान, चतुर्थीतील घुमट आरत्या यांपैकी निदान दोन ठिकाणी मूल नियमित, आणि शक्यतो आई-वडिलांवाचून, जात असावे. शिकवण्याचा भार सबंध आईवर टाकून वडिलांनी केवळ ‘आमच्या घरी गृहशिक्षण आहे’ असे सांगत फिरायचे असेल, तर हा उद्योग न केलेला बरा. दोघेही पूर्णवेळ नोकरी करत असतील आणि घरात शिकवू शकणारे तिसरे कोणी नसेल, तरीही तो टाळावा.

परीक्षेचा प्रश्न राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने बराच सोपा केला आहे. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झालेली ही संस्था केंद्र सरकारच्या अखत्यारीत आहे. तिच्या मूलभूत शिक्षणाचे अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. दहावीसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. पाच विषय घ्यावे लागतात, मराठी माध्यमही निवडता येते, आणि एकदा नाव नोंदवले की पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा होतात. विषय निवडताना मात्र पुढची वाट पाहावी. सोपे जाते म्हणून गणित किंवा विज्ञान वगळले, तर अकरावीत विज्ञान शाखेची दारे बंद होतात. प्रात्यक्षिके घरी होत नाहीत, त्यासाठी नेमून दिलेल्या अभ्यासकेंद्रावर जावे लागते, म्हणून केंद्र ठरवताना तेथील प्रयोगशाळा स्वतः जाऊन पाहावी. केंब्रिजच्या परीक्षाही खासगी उमेदवार म्हणून देता येतात, परंतु त्या इंग्रजीतून असतात आणि त्यांचे शुल्क सामान्य घराला परवडणारे नाही.

वैद्यकीय प्रवेशाबाबत पालकांना विशेष धास्ती असते. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेपासून दूर ठेवणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केली. तरी गोव्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राज्य कोट्यासाठी रहिवासाच्या अटीही असतात, म्हणून मूल आठवीच्या वयाचे झाले की पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचे चालू वर्षाचे माहितीपत्रक आणून पात्रतेची पाने ओळ न् ओळ वाचावीत. त्यातील एखादी अट मुक्त विद्यालयातून पूर्ण होत नसेल, तर नववीला जवळच्या माध्यमिक शाळेत प्रवेश घ्यावा, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांची भेट निदान चार महिने आधी, त्या तारीख घातलेल्या वह्या बरोबर घेऊन, मागावी.