टी-शर्ट, मग, टोपीवर लोगो छापताय? फाइल देताना या चुका टाळा

गणपती जवळ आले की बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मंडळांचे मला निरोप येऊ लागतात, "टी-शर्टचं जरा बघ ना." सोबत व्हॉट्सअॅपवर लोगो. तो कुठल्यातरी जुन्या फ्लेक्सच्या फोटोतून कापलेला, कोपऱ्यात कुणाचातरी खांदा. तो तसाच छपाईवाल्याकडे गेला की तिकडून ठरलेलं उत्तर येतं, "भाई, ओपन फाइल मोकलो ने." म्हणजे, पाठवा ना.

मंडळाचा कार्यकर्ता चक्रावतो. फाइल तर उघडतेय की! पण छपाईच्या धंद्यात 'ओपन फाइल' म्हणजे उघडणारी फाइल नव्हे. ज्यातला प्रत्येक आकार रेषांनी बनलेला आहे, सुटा करता येतो, रंग बदलता येतो आणि कितीही मोठा केला तरी फाटत नाही, अशी व्हेक्टर फाइल. बहुतेकांकडे ती कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची, म्हणजे सीडीआर असते. एआय, ईपीएस, एसव्हीजी आणि नीट बनवलेली पीडीएफ हीही त्याच कुळातली. जेपीजी आणि पीएनजी मात्र ठिपक्यांची चित्रं. मोठी केली की ठिपके दिसणारच.

नाव कोरलचं, पोटात जेपीजी

सगळ्यात जास्त वेळ मी या एका चुकीवर घालवलाय. कुणीतरी कोरल उघडतो, त्यात जेपीजी आणून टाकतो, सेव्ह करतो आणि म्हणतो, घ्या सीडीआर. डब्यावर 'साखर' लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही. पीडीएफचंही तेच. पीडीएफमध्ये रेषाही राहू शकतात आणि मोबाइलवर काढलेला फोटोही, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. कोरलमध्ये व्ह्यू मेनूत वायरफ्रेम निवडा. लोगो नुसत्या बारीक रेषांचा सांगाडा झाला तर फाइल खरी. करड्या रंगात फोटो तसाच दिसत राहिला, तर आत जेपीजी बसलाय. पीडीएफ असेल तर हवी तेवढी झूम करून एखाद्या अक्षराची कड बघा. कड शेवटपर्यंत धारदार राहिली पाहिजे, पायऱ्या दिसू लागल्या तर समजून जा.

मग लोक ट्रेसचं, म्हणजे चित्रावरून रेषा आपोआप काढून देणारं बटण दाबतात. स्वच्छ, मोठं, दोन रंगांचं चित्र असेल तर ट्रेस बरं येतं. फ्लेक्सच्या फोटोवरून केलेलं ट्रेस म्हणजे उंदराने कुरतडलेल्या कडा. गोल गोल राहत नाही, अनुस्वार बटाट्यासारखा होतो, 'म'ची गाठ आणि 'ध'चं पोट भरून जातं. असा लोगो हाताने पुन्हा काढून घ्यावा. साध्या लोगोला चांगल्या माणसाला दोनेक तास लागतात, आणि ते पैसे एकदाच जातात.

छपाई कशी होणार, हे न विचारता फाइल देणं

'लोगोसाठी सगळ्यात चांगला फॉरमॅट कोणता?' असा प्रश्न आला की मी उलट विचारतो, छापायचंय कशावर आणि कोणत्या पद्धतीने? उत्तर त्यावर ठरतं.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई जाळीच्या फ्रेममधून कापडावर उतरते, आणि एका रंगाला एक फ्रेम. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची तैलचित्रं अनेकांनी बघितली असतील. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या छापखान्यात त्या चित्रांच्या प्रती काढताना प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा दगड लागायचा. दगड जाऊन फ्रेम आली, हिशोब तोच राहिला. म्हणून इथे व्हेक्टरच द्या, आणि प्रत्येक रंग सपाट. लाल ते पिवळा असा उतरता रंग असेल, तर तो बारीक ठिपक्यांत फोडावा लागतो, आणि सुती कापडावर ते काम भल्याभल्यांना नीट साधत नाही. मंडळाच्या शंभरेक टी-शर्टवर दोन रंगांचा लोगो छापायला हीच पद्धत अजूनही मला सर्वात पटते.

डीटीएफचं (डायरेक्ट टू फिल्म) गणित वेगळं. तिथे आधी फिल्मवर छपाई होते, मग ती उष्णतेने कापडावर चिकटवतात आणि रंगांच्या खाली पांढऱ्या शाईचा थर बसतो, म्हणून काळ्या टी-शर्टवरही रंग उठून दिसतात. इथे पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी चालते, पण छापायच्या आकारात ३०० डीपीआयची, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके (पिक्सेल). १० इंच रुंद छपाईला ३००० पिक्सेल लागतात. तुमच्याकडचा लोगो ६०० पिक्सेलचा असेल, तर तो २ इंचांपुरता, म्हणजे खिशावर ठीक, पाठीवर नाही. फोटोशॉपमध्ये ७२च्या जागी ३०० टाइप करून पिक्सेल वाढवले तर नवीन तपशील येत नाही, तोच धूसरपणा मोठा होतो. जेपीजीला पारदर्शकता नसतेच. जेपीजी दिली आणि समोरच्याने लक्ष दिलं नाही, तर लोगोमागे पांढरा चौकोन छापून येतो, ठिगळ लावल्यासारखा. आणि लोगोखाली मऊ सावली किंवा चमक ठेवू नका. अर्धपारदर्शक भागाखाली पांढरी शाई येते आणि कडेला रांगोळी सांडल्यासारखी दिसते.

मगवर आणि पॉलिस्टर जर्सीवर सब्लिमेशन होतं, म्हणजे उष्णतेने शाईची वाफ होऊन रंग आत मुरतो. या पद्धतीत पांढरी शाई नसते. पिवळ्या जर्सीवर लोगोतला पांढरा भाग पिवळाच दिसणार. सुती कापडावर हा रंग टिकतच नाही, त्यामुळे तुमची पीएनजी कितीही उत्तम असली तरी कापड चुकलं की सगळं चुकलं.

टोपीवरच्या भरतकामाला तर यातली कुठलीच फाइल थेट चालत नाही. मशीनला टाके लागतात, म्हणून आधी 'पंचिंग', म्हणजे लोगोचे टाके आखून घेणं, करावं लागतं, त्यातून टाक्यांची डीएसटी फाइल बनते. ती एका मापासाठी असते. टोपीसाठी केलेली फाइल ताणून जॅकेटच्या पाठीवर टाकली, तर टाके विरळ होऊन कापड दिसू लागतं. डीएसटीत रंग कुठे बदलायचा हे असतं, पण रंग कोणता हे नसतं. धाग्याचे रंग वेगळे लिहून द्या, नाहीतर मशीनवर ज्या धाग्याचं रीळ लावलेलं असेल ते तुमच्या नशिबी. साधारण ५ मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरं भरतकामात नीट वाचता येत नाहीत, आणि आपल्या लिपीत वर-खाली मात्रा असल्याने त्याहून मोठीच धरावीत.

स्टीलच्या बाटलीवर लेझर असेल तर एका रंगाची व्हेक्टर फाइल. पेनावर जागाच बोटाएवढी, तिथे लोगोखालची टॅगलाइन काढून टाका.

मराठी अक्षरं तशीच सोडणं

ही माझी स्वतःची चूक. एका मंडळाच्या ८० टी-शर्टची सीडीआर मी घाईत पाठवली, अक्षरं कर्व्ह न करता, म्हणजे त्यांचे आकार न बनवता. छपाईवाल्याकडे तो फॉन्ट नव्हता, कोरलही जुनं. त्याच्या पडद्यावर 'वर्ष'मधला रफार उतरून पाय मोडलेला 'र' झाला आणि 'उत्सव'चे दोन तुकडे पडले. तो गुजराती माणूस. त्याची लिपी शिरोरेषेविना चालते, त्याला त्यात काही खटकलं नाही. त्याला दोष देणार तरी कसा? नमुना न बघता 'छापा' म्हणणारा मीच होतो.

कोरलमध्ये अक्षरं निवडून कंट्रोल आणि क्यू दाबलं की ती आकार बनतात, मग समोर फॉन्ट असो वा नसो. आपल्याकडे मात्र टाइप केलेली प्रत वेगळी ठेवा, पुढच्या वर्षी आकडा बदलायचा असतो. श्री-लिपी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं तर फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन बसतं. फॉन्ट बदलला की मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे होतात, तेही बघा. अक्षरांत मोकळी जागा सोडून शिरोरेषा तोडू नका. इंग्रजी नावाला ते शोभतं, मराठी नाव दात पडल्यासारखं दिसतं.

भगवा मातकट का झाला?

मोबाइलचा पडदा उजेडाने रंग दाखवतो, छपाई शाईने. पडद्यावरचा झगझगीत भगवा सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या चार रंगांच्या, म्हणजे सीएमवायके छपाईत विटकरीकडे झुकतो, गडद निळा जांभळा दिसतो. निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्के कमी ठेवला तर तो निळा राहतो. स्क्रीन प्रिंटिंगला पॅंटोनचा, म्हणजे त्या ठरलेल्या रंगपट्टीतला क्रमांक द्या, किंवा सरळ गेल्या वर्षीचा टी-शर्ट नेऊन दाखवा. पीएनजीत सीएमवायके नसतंच, तेव्हा 'सीएमवायकेमध्ये पीएनजी द्या' असं कुणी म्हणालं, तर त्याला नेमकं काय हवंय ते पुन्हा विचारा.

पाठवताना होणारा घात

एवढं करून फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली, तर अॅप ती दाबून लहान करतं आणि पीएनजीची पारदर्शकताही जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेल करा. सीडीआर नव्या व्हर्जनची असेल तर जुन्या कोरलमध्ये उघडणार नाही, म्हणून जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली प्रत आणि सोबत पीडीएफ जोडा. शिवाय एक जेपीजीही पाठवा, छापायला नाही, लोगो मुळात कसा दिसतो ते ताडून बघायला.

लोगोची मूळ फाइल एका माणसाच्या फोनवर ठेवू नका. मंडळाचा खजिनदार बदलला की फाइल गेलीच, आणि पुन्हा तो फ्लेक्स, तो खांदा. ज्या मंडळाचे ते ८० टी-शर्ट होते, तिथे आता पावतीपुस्तकांसोबत एक पेनड्राइव्हही नव्या खजिनदाराच्या हाती दिला जातो.